शिक्का आणि भुगा : जुन्या पॅलेटचे लाकूड वापरण्यापूर्वी

दिल्लीतील आमच्या घरी पुस्तकांचे एक कपाट आहे. सहा वर्षांपूर्वी ते जुन्या पॅलेटच्या लाकडापासून करून घेतले. मिस्त्रींनी फळ्यांना रंधा मारला, पण एका ठोकळ्यावरचा शिक्का माझ्या सांगण्यावरून तसाच ठेवला. गव्हाच्या ओंबीचे चिन्ह, शेजारी देशाचे संकेताक्षर आणि त्याखाली एच व टी ही दोन इंग्रजी अक्षरे. आल्यागेल्याला तो शिक्का दाखवून मी उष्णताप्रक्रियेवर छोटेखानी व्याख्यानही देत असे. दुसरा पावसाळा सरल्यावर मधल्या कप्प्यातील विश्वकोशाचे खंड पुसण्यासाठी खाली काढले, तेव्हा त्यांच्यामागे मैद्यासारख्या बारीक, फिकट पिवळ्या भुग्याच्या तीन ढिगल्या दिसल्या. वरच्या फळीच्या तळाला, प्रत्येक ढिगलीच्या नेमके वर, टाचणीच्या डोक्याएवढे एकेक गोल छिद्र होते.

पदवी भिंतीवर आणि घुण फळीत, अशी ही स्थिती. मिस्त्रींना बोलावले. त्यांनी फळी उलटी केली, नखाने खरवडली आणि शांतपणे सांगितले, ‘‘मॅडमजी, यह तो आम है. ठप्पा तो चीड़ पर था.’’ ज्यावर शिक्का होता तो ठोकळा पाइनचा होता. भुगा गाळणारी फळी आंब्याची होती. परदेशातून आलेल्या पॅलेटची फळी कोठेतरी मोडली असणार आणि तिच्या जागी इथल्याच आंब्याची कच्ची फळी ठोकली गेली असणार. शिक्का खोटा नव्हता. तो त्या फळीविषयी बोलतच नव्हता.

पॅलेटच्या लाकडाचा पुनर्वापर अलीकडे चांगलाच रुळला आहे. शहरात बाके, टेबले, कुंड्यांचे कठडे होतात. गावाकडे खतांच्या आणि धान्याच्या पोत्यांखाली, शेळ्यांच्या गोठ्यात, पोल्ट्रीच्या शेडमध्ये पॅलेट जातात. लाकूड स्वस्त मिळते, वाया जाणारा माल उपयोगी पडतो, आणि या वापराला माझा पाठिंबाच आहे. परंतु हे लाकूड हाती घेताना शिक्का आणि भुगा, दोन्ही वाचता आले पाहिजेत. शिक्का लाकडाचा भूतकाळ सांगतो, भुगा त्याचे वर्तमान.

समुद्र नसलेली बंदरे

राष्ट्रीय राजधानी क्षेत्राला समुद्र नाही, पण बंदरे आहेत. तुघलकाबाद आणि दादरी येथील अंतर्देशीय कंटेनर डेपोंमध्ये न्हावाशेवा, मुंद्रा, पिपावाव या बंदरांवर उतरलेले कंटेनर रेल्वेने येतात. बंदरावर ते बहुधा उघडले जात नाहीत. मोहोर तशीच ठेवून इकडे पाठवले जातात. म्हणजे एखाद्या दूरदेशीच्या कारखान्यात बंद झालेले दार थेट तुघलकाबादला, नाहीतर मानेसर, नोएडा, फरिदाबाद, भिवाडी येथील कारखान्याच्या आवारात उघडते. यंत्राचा सुटा भाग, काचेची तावदाने, फरशा, औषधनिर्मितीचा कच्चा माल असे जे काही आत असेल ते बाहेर काढले जाते आणि खालचे लाकूड मागे उरते. ते परत पाठवणे कोणालाच परवडत नाही. भंगारवाला ते उचलतो. चांगली पॅलेट पुन्हा विकली जातात, मोडकी दुरुस्त होतात, अगदीच गेलेली फोडून फळ्या वेगळ्या केल्या जातात आणि त्यांतून उरलेले चुलीत वा शेकोटीत जाते.

कीटकशास्त्रज्ञाला या साखळीत एक गोष्ट सतत खुपते. लाकडात दडलेल्या अळीसाठी समुद्रकाठचे तपासणी नाके हा केवळ प्रवासातला एक थांबा असतो. तिचा भुंगेरा बाहेर पडून पहिले उड्डाण करतो तो देशाच्या अगदी आत. राजधानी क्षेत्राच्या उत्तरेला आणि पूर्वेला यमुनानगर, सहारनपूर, मुझफ्फरनगर या पट्ट्यात शेतकरी गव्हाच्या बांधावर आणि उसाच्या मध्ये पॉपलर लावतात. यमुनानगरचा प्लायवूड उद्योग या शेतातल्या झाडांवर उभा आहे. पॉपलरचा उल्लेख येथे का केला, हे पुढे स्पष्ट होईल.

ब्रुकलिनचा भुंगेरा

१९९६ साली न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातील ग्रीनपॉइंट वस्तीत रस्त्याकडेच्या मेपल वृक्षांच्या खोडांवर सुमारे एक सेंटिमीटर व्यासाची, जणू ड्रिलने पाडल्यासारखी गोल छिद्रे दिसली. काळाभोर, पांढऱ्या ठिपक्यांचा, अंगापेक्षा लांब शिंगांचा एक भुंगेरा त्यांतून बाहेर पडत होता. तो ‘अॅनोप्लोफोरा ग्लॅब्रिपेनिस’, अर्थात आशियाई लांबशिंगी भुंगेरा. आपल्याकडे आंब्याचे खोड पोखरणाऱ्या भिरुडाच्याच कुळातला. चीनमधून आलेल्या मालाच्या लाकडी वेष्टनांतून तो पोहोचला होता. १९९८ मध्ये तो शिकागोतही सापडला. त्यावर उपाय एकच होता : बाधित झाडे तोडा, त्यांचा बारीक चुरा करा, आणि वर्षानुवर्षे आसपासची झाडे तपासत राहा. शिकागोतून त्याचे उच्चाटन झाल्याचे जाहीर व्हायला २००८ साल उजाडले. मिशिगन राज्यात २००२ मध्ये ओळख पटलेल्या हिरव्या अॅश-पोखऱ्याच्या बाबतीत तेवढेही यश मिळाले नाही. त्याने उत्तर अमेरिकेतील अॅश वृक्षांचा कोट्यवधींच्या संख्येने बळी घेतला.

आशियाई लांबशिंगी भुंगेऱ्याचे मायदेशातील आवडते खाद्य म्हणजे पॉपलर आणि विलो. चीनमध्ये पॉपलरच्या लागवडींचे त्याने प्रचंड नुकसान केले आहे. दादरीला उघडणाऱ्या कंटेनरपासून पॉपलरची शेते किती जवळ आहेत, हे नकाशा पाहणाऱ्यास वेगळे सांगण्याची गरज नाही.

या अनुभवांतून आंतरराष्ट्रीय वनस्पती संरक्षण कराराखाली २००२ साली लाकडी वेष्टनांसाठी एक मानक स्वीकारण्यात आले. क्रमांक पंधरा. पुढे २००९ मध्ये त्यात मोठी सुधारणा झाली. कपाटावरचा माझा ओंबीचा शिक्का याच मानकाचा. आपल्याकडे २००३ च्या वनस्पती विलग्नवास आदेशाने आयात मालासोबतच्या लाकडी वेष्टनांना ही अट घातली. तिची अंमलबजावणी फरिदाबाद येथील वनस्पती संरक्षण, विलग्नवास आणि साठवण संचालनालयाकडे आहे.

शिक्का काय सांगतो

एचटी म्हणजे उष्णताप्रक्रिया. लाकडाचे तापमान, आणि तेही पृष्ठभागाचे नव्हे तर अगदी गाभ्याचे, ५६ अंश सेल्सिअसपर्यंत नेऊन सलग ३० मिनिटे तेवढेच राखायचे. हे आकडे पाइनच्या लाकडातील सूत्रकृमीला मारण्याच्या प्रयोगांतून आले. त्या सूत्रकृमीने जपानमधील पाइनची वने उद्ध्वस्त केली होती आणि १९९९ मध्ये तो पोर्तुगालमध्ये सापडल्यावर युरोप हादरला होता. डीएच म्हणजे सूक्ष्मलहरींसारख्या विद्युत्‌चुंबकीय ऊर्जेने तापवणे. यात ६० अंशांवर एक मिनिट पुरते. एमबी म्हणजे मिथिल ब्रोमाइडची धुरी. हा वायू ओझोनच्या थराला घातक असल्याने १९८७ च्या माँट्रियल कराराच्या चौकटीत त्याचा वापर जगभर घटवला गेला. मात्र विलग्नवासाच्या कामाला त्यातून सूट आहे, म्हणून ही अक्षरे अजूनही दिसतात. एसएफ म्हणजे सल्फ्युरिल फ्लोराइड. पहिली दोन इंग्रजी अक्षरे देशाची असतात, भारतासाठी आयएन, आणि त्यानंतरचा क्रमांक प्रक्रिया करणाऱ्या मान्यताप्राप्त केंद्राचा. शिक्का निदान दोन विरुद्ध बाजूंना असावा लागतो. प्लायवूडसारखे कृत्रिम फलक आणि सहा मिलिमीटर वा त्याहून पातळ लाकूड यांना हे मानक लागू नाही, कारण त्यांत किडीला तग धरण्यास वाव नसतो.

लाकडावर सालही ठेवायची नसते. साल म्हणजे किडींचे प्रसूतिगृह. तीन सेंटिमीटरपेक्षा अरुंद पट्टी चालते. त्याहून रुंद असेल तर तिचे क्षेत्रफळ ५० चौरस सेंटिमीटरपेक्षा कमी हवे, म्हणजे साधारण पोस्टकार्डाच्या निम्म्याहून कमी. जुन्या बाजारात पॅलेट पाहताना मी प्रथम सालीचे तुकडे शोधते. शिक्का आहे आणि सालीची मोठी पट्टीही आहे, असे दिसले की ती फळी नंतर बसवली असावी, हा पहिला संशय.

आता शिक्का काय सांगत नाही ते पाहू. उष्णतेने त्या क्षणी लाकडात असलेले जीव मरतात. पुढे येणाऱ्यांना अटकाव होत नाही. डाळ शिजवली म्हणून ती उद्या आंबणार नाही असे नसते, तसेच हे. लाकडातील पिष्ट उष्णतेने नाहीसे होत नाही, आणि घुणाला हवे असते ते पिष्टच. प्रक्रिया झालेले पॅलेट वर्षभर उघड्या आवारात, जळाऊ लाकडाच्या ढिगाशेजारी पडले असेल तर शिक्क्याचा इतिहास खरा राहतो आणि लाकूड मात्र किडते. मानकात दुरुस्तीचेही नियम आहेत. सुमारे एक तृतीयांशापर्यंत भाग बदलले तर ती दुरुस्ती. नव्या प्रत्येक भागाचे लाकूड प्रक्रिया केलेले आणि स्वतंत्र शिक्क्याचे हवे. त्याहून अधिक भाग बदलले तर ते पुनर्निर्मित पॅलेट; जुने सर्व शिक्के मिटवून, पुन्हा प्रक्रिया करून नवा शिक्का मारायचा. पण हे सारे आंतरराष्ट्रीय वाहतुकीसाठी. मानेसरहून लुधियान्याला जाणाऱ्या मालाला ही अट नाही. त्यामुळे देशातल्या देशात फिरणाऱ्या पॅलेटवर जुना शिक्का राहतो आणि त्याच्या आजूबाजूच्या फळ्या एकामागून एक बदलत जातात.

लाकूड वाचणे

परदेशी पॅलेटमध्ये बहुधा पाइन, स्प्रूस अशी सूचिपर्णी लाकडे असतात. कधी ओक वा बीचही निघते. युरोपातले प्रमाणित पॅलेट १२०० बाय ८०० मिलिमीटरचे असते. ११ फळ्या, ९ ठोकळे, ७८ खिळे. इतका काटेकोर हिशोब भारतीय पॅलेटचा नसतो. येथे आंबा, सावर, पॉपलर, निलगिरी, रबर, सिल्व्हर ओक असे त्या त्या भागात स्वस्त मिळणारे लाकूड लागते. यांतील आंबा, सावर आणि रबर या लाकडांत पिष्ट भरपूर, म्हणून घुणाचे ताट वाढलेलेच.

घुण हा शब्द आपण सैल वापरतो. पुस्तकांमागे मैदा पाडणारा माझा पाहुणा ‘लिक्टस’ प्रजातीतला होता. याची मादी फळीच्या कापलेल्या टोकाला चावून पाहते. पिष्ट पुरेसे असेल तरच, लांब अंडनलिका लाकडाच्या रसवाहिनीच्या उघड्या तोंडात घालून आत अंडी ठेवते. सूचिपर्णी लाकडात अशा रसवाहिन्याच नसतात. म्हणून निव्वळ पाइनच्या फळीला लिक्टस लागत नाही. पाइन आणि आंबा यांतला फरक ओळखणे ही केवळ सुतारकीची बाब नाही, ती कीडनियंत्रणाचीच पहिली पायरी आहे. ताज्या कापलेल्या टोकावर भिंगातून पाहावे : आंब्यात सुईने टोचल्यासारखी छिद्रे विखुरलेली दिसतील, पाइनमध्ये तशी छिद्रे दिसणार नाहीत, फिकट आणि गडद वार्षिक वलयांचे पट्टे तेवढे दिसतील आणि ताज्या कापाला राळेचा वास येईल. दहापट मोठे दाखवणारे साधे भिंग यासाठी पुरते.

छिद्रांवरूनही बरेच कळते. एक ते दोन मिलिमीटरचे गोल छिद्र आणि बोटांत चोळल्यावर पावडरसारखा लागणारा भुगा म्हणजे लिक्टस. तीन ते सहा मिलिमीटरचे छिद्र आणि जरा रवाळ भुगा असेल तर ‘सायनोझायलॉन’सारखे भुंगेरे, भारतातून गेलेल्या लाकडी वेष्टनांत परदेशी विलग्नवास अधिकाऱ्यांना हेच वारंवार सापडतात, म्हणजे या व्यवहारात आपण केवळ धोका पत्करणारे नाही, निर्यात करणारेही आहोत. याहून मोठे, लंबगोल छिद्र लांबशिंगी भुंगेऱ्याचे. आपल्याकडचा ‘स्ट्रोमॅशियम बार्बॅटम’ कोरड्या लाकडात इतका संथ वाढतो की फर्निचर होऊन कित्येक वर्षे लोटल्यावर बाहेर पडतो आणि घरमालकाला वाटते की तो खिडकीतून आला. मातीचे बोगदे दिसले तर ती वाळवी. तिचा ठावठिकाणा लाकडात नसून जमिनीत असतो.

छिद्र दिसले म्हणजे कीड जिवंत आहे असे मात्र नाही. छिद्राच्या कडा काळवंडलेल्या आणि आत धूळ बसलेली असेल तर पाहुणा केव्हाच निघून गेला. खात्री करण्याची माझी पद्धत साधी आहे. फळी झटकून, काळ्या कागदावर आडवी ठेवायची, छिद्रांभोवती पेन्सिलीने वर्तुळे काढायची आणि मार्च ते सप्टेंबर या उबदार महिन्यांत दर पंधरवड्याला पाहायचे. काळ्यावर पिवळा भुगा लपत नाही. घाई असलेल्यांना ही पद्धत आवडत नाही, हे मला ठाऊक आहे.

येथे थोडे विषयांतर. आमच्या पुसा संस्थेची सुरुवात १९०५ मध्ये बिहारमधील पुसा येथे झाली. १९३४ च्या भूकंपानंतर, १९३६ साली ती दिल्लीत आली. बिहारच्या त्या पुसामध्ये हॅरॉल्ड मॅक्सवेल-लेफ्रॉय हे पहिले शाही कीटकशास्त्रज्ञ होते. १९०९ चा त्यांचा ‘इंडियन इन्सेक्ट लाइफ’ हा ग्रंथ आजही आमच्या हाताशी असतो. इंग्लंडला परतल्यावर त्यांच्याकडे लंडनच्या वेस्टमिन्स्टर हॉलच्या शतकानुशतके जुन्या ओक छतातील भुंगेऱ्याचा प्रश्न आला, आणि लाकूड वाचवणारी रसायने शोधणे हे त्यांचे काम होऊन बसले. १९२५ साली प्रयोगशाळेत अशाच एका विषारी वायूचा प्रयोग करताना त्यांचा अंत झाला. पिकांवरच्या किडींपासून छताच्या तुळयांपर्यंतचा हा प्रवास माझ्या कपाटाची फळी उलटताना मला हटकून आठवला.

फळ्या सोडवणे आणि जपणे

पॅलेट फोडण्याचे काम दिसते तितके सोपे नाही. खिळे बहुधा पेचदार असतात. लाकडात त्यांची पकड घट्ट बसावी म्हणूनच ते तसे केलेले असतात. पहारीने फळी उचकटली की खिळा जागेवर राहतो आणि फळी टोकाशी चिरते. कीर्तीनगरचे कारागीर फळी आणि ठोकळा यांच्या फटीत लोखंड कापणारे करवतीचे पाते घालून खिळाच कापतात. डोके फळीत राहते. ते मागून ठोकून बाहेर काढता येते किंवा खूण म्हणून तसेच ठेवता येते. रंधा मारण्यापूर्वी फळीवरून एक चुंबक फिरवावा. पात्याची किंमत चुंबकाच्या कितीतरी पट असते. ठरावीक गडद रंगाने पूर्ण रंगवलेली आणि कंपनीचे नाव असलेली पॅलेट बहुधा भाड्याच्या ताफ्यातली असतात. ती भंगारात दिसली तरी विकत घेऊ नयेत, ती विकणाऱ्याची नसतात.

वेगळ्या केलेल्या फळ्यांची छाननी करताना डाग पडलेल्या, तेलकट, उग्र वासाच्या आणि हिरवट झाक असलेल्या फळ्या बाजूला काढाव्यात. हिरवट झाक तांबे-क्रोम-आर्सेनिकच्या परिरक्षकाची असू शकते. एमबी शिक्क्याच्या लाकडातला वायू हवेशीर जागी उडून जातो. तरीही मुलांच्या वस्तूंसाठी आणि अन्नाशी संबंध येईल अशा कामासाठी मी एचटीचेच लाकूड निवडते. तो माझा कल समजावा, नियम नव्हे.

आंबा, सावर, रबर यांच्या फळ्या घरात वापरायच्याच असतील तर बोरॅक्स आणि बोरिक आम्ल यांचे द्रावण हा स्वस्त व परिणामकारक उपाय आहे. बांबूसाठी हेच वापरतात. एक लिटर कोमट पाण्यात ३० ग्रॅम बोरॅक्स आणि २० ग्रॅम बोरिक आम्ल विरघळवावे. रंधा मारलेल्या, रंग वा वॉर्निश न लावलेल्या फळ्या त्यात बुडवून ठेवाव्यात किंवा ब्रशने तीन-चार हात द्यावेत. कापलेल्या टोकांना जास्त, कारण मादी तेथूनच शिरते. हातमोजे घालावेत, द्रावण मुलांपासून आणि जनावरांपासून दूर ठेवावे. फळ्या सावलीत वाळल्यावर मगच वॉर्निश. हे क्षार पाण्यात विरघळतात, म्हणून उघड्यावरच्या बाकाला त्यांचा उपयोग नाही. पहिल्याच पावसात ते धुऊन जातील. वॉर्निशचेही काम येथे मोठे आहे : रसवाहिन्यांची तोंडे बुजली की मादीला अंडी घालायला जागा उरत नाही. माझ्या कपाटाच्या फळ्यांना पुढून सुंदर वॉर्निश होते, मागच्या कडा मात्र कोऱ्या होत्या. भिंतीकडची बाजू कोण पाहणार, असे मिस्त्रींना वाटले आणि मलाही.

दिल्लीच्या मे महिन्यात पत्र्याच्या शेडखाली फळ्या तापवून उष्णताप्रक्रिया होईल का, असे अनेक जण विचारतात. पातळ फळी बरीच तापते, पण नऊ-दहा सेंटिमीटर जाडीच्या ठोकळ्याचा गाभा फार मागे राहतो, आणि अळी असते ती गाभ्याकडेच. मानकात गाभ्याचे तापमान मोजण्याचा आग्रह आहे तो याच कारणाने. उन्हात वाळवण्याचे फायदे आहेत. मात्र त्याला प्रक्रिया म्हणता येणार नाही.

पोत्यांखालचे लाकूड

शेतकऱ्यांच्या दृष्टीने पॅलेटचा सर्वांत मोलाचा उपयोग साठवणीचा. धान्याची पोती जमिनीपासून उंच आणि भिंतीपासून हातभर दूर ठेवली की ओल चढत नाही, खालून हवा खेळते आणि उंदराची वाट दिसते. यासाठी पॅलेटसारखी तयार वस्तू नाही. परंतु येथे घुणापेक्षा वेगळ्या दोन गोष्टी पाहाव्या लागतात.

पहिली, खापरा. ‘ट्रोगोडर्मा ग्रॅनॅरियम’ हा भारतीय उपखंडाशी जुने नाते असलेला भुंगेरा. त्याचे आपल्याकडचे नावच जगाने जसेच्या तसे उचलले. लाकूड हे त्याचे खाद्य नाही, पण लाकडाच्या फटी हे त्याचे घर आहे. अन्न संपले वा दिवस प्रतिकूल आले की त्याच्या केसाळ अळ्या फटीत, खिळ्याच्या भोकात, दोन फळ्यांच्या सांध्यात सुप्तावस्थेत जातात आणि वर्षानुवर्षे तशा राहू शकतात. या अवस्थेत धुरीलाही त्या सहज दाद देत नाहीत. कॅलिफोर्नियात १९५३ साली तो सापडला, तेव्हा गोदामेच्या गोदामे ताडपत्रीत गुंडाळून धुरी द्यावी लागली. ते काम पुरे व्हायला तेरा वर्षे लागली. म्हणून एका गोदामातून निघालेले जुने पॅलेट थेट दुसऱ्या गोदामात नेऊ नये. पोती रचण्यापूर्वी फटी ताठ ब्रशने झाडाव्यात, निघालेला केरकचरा जाळावा वा पुरावा, आणि पॅलेट उन्हात उभे करून उलटसुलट तापवावे. फटींत तपकिरी, केसाळ कात दिसली तर ते पॅलेट धान्याखाली घालूच नये.

दुसरी गोष्ट वासाची. लाकडाला बुरशी लागू नये म्हणून काही ठिकाणी ट्रायब्रोमोफेनॉल हे रसायन वापरतात. बुरशी त्याचे ट्रायब्रोमोअॅनिसोल या द्रव्यात रूपांतर करते आणि त्याचा कुबट वास अत्यल्प प्रमाणातही जाणवतो. २००९-१० मध्ये एका मोठ्या अमेरिकी औषधकंपनीला लक्षावधी बाटल्या बाजारातून परत घ्याव्या लागल्या. कारण औषधांना येणारा कुबट वास, आणि त्याचा माग लागला तो पॅलेटच्या लाकडापर्यंत. धान्य हा वास शोषून घेते. बंद खोलीत रात्रभर ठेवलेल्या पॅलेटचा सकाळी दार उघडताच कुबट दर्प आला, तर ते खताच्या पोत्यांना द्यावे, तांदळाला नको.

आणि शेवटी उरलेल्या तुकड्यांचे काय? दिल्लीच्या डिसेंबरात पहारेकऱ्यांच्या शेकोटीत पॅलेटच्या फळ्या सर्रास दिसतात. रंग, परिरक्षके आणि सांडलेली रसायने यांचा धूर त्या माणसाच्या छातीत पहिल्यांदा जातो, शहराच्या हवेत नंतर. हवा बिघडली की लागू होणाऱ्या टप्प्याटप्प्यांच्या उपाययोजनेत पहारेकऱ्यांना विजेचे हीटर देण्याची सूचना निवासी संघांना दिलेली असते. आमच्या वसाहतीत हीटर आला, पण त्याची वायर चौकीपर्यंत पोहोचायला दोन हिवाळे गेले. रसायनाचा संशय नसलेले, स्वच्छ एचटी लाकडाचे तुकडे कंपोस्टच्या खड्ड्याच्या कडेला किंवा वाफ्यांच्या सीमेला लावले तर दोन-तीन वर्षे टिकतात आणि मग वाळवीच त्यांची विल्हेवाट लावते. शेतातली वाळवी हेच काम करण्यासाठी असते. तिच्याशी माझे या बाबतीत भांडण नाही.

कपाटाच्या दोन फळ्या मिस्त्रींनी बदलून दिल्या, या वेळी पाइनच्या, आणि मागच्या कडांनाही वॉर्निश दिले. आंब्याची ती फळी मी फेकली नाही. झाकणाच्या काचेच्या पेटीत, काळ्या कागदावर, ती आमच्या प्रयोगशाळेत ठेवली आहे. नव्याने येणाऱ्या विद्यार्थ्यांना मी प्रथम शिक्क्याचा ठोकळा देते आणि हे लाकूड सुरक्षित आहे का, असे विचारते. बहुतेक जण हो म्हणतात. मग पेटी पुढे सरकवते. गेल्या एप्रिलमध्ये त्या कागदावर पुन्हा थोडा मैदा दिसला.